सवलत मुलीला की तिच्या उडीला?

आम्ही अमेरिकेत राहतो. माझी मुलगी यंदा नववीत जाणार. बास्केटबॉलसाठी नावाजलेल्या एका खाजगी शाळेने तिला फीत सवलत देऊ केली. नातेवाईक म्हणाले, संधी सोडू नका. मी विचारले, ही सवलत मुलीला आहे की तिच्या उडीला?

'हूप ड्रीम्स' (१९९४) हा माहितीपट पाहा. शिकागोच्या आर्थर एजी या गरीब कृष्णवर्णीय मुलाला खेळ पाहून खाजगी शाळेत प्रवेश मिळाला. फी थकली आणि शाळा सुटली. सोबतच्या विल्यम गेट्सला प्रायोजक मिळाला, पण त्याचा गुडघा दुखावला. मेहेरबानी कधीही काढून घेता येते, हक्क नाही.

शिवाय कॉलेजच्या वरच्या स्तरावर खेळायचे तर एनसीएए हायस्कूलचे १६ मुख्य अभ्यासक्रम पूर्ण झालेले मागते. म्हणजे वर्ग बुडवून मैदानही मिळत नाही.

आम्ही शाळेला दोनच प्रश्न विचारले. दुखापत झाली तर सवलत राहील का? संघातल्या किती मुली पुढे पदवीधर झाल्या? उत्तरात करंडकांची यादी आली.

आम्ही सरकारी शाळा निवडली. तिथे प्रशिक्षक मेहनती आहेत, गणित-विज्ञान पक्के शिकवतात आणि मुलीची जागा तिच्या गुडघ्यावर अवलंबून नाही. पालकांनो, करंडक मोजण्याआधी हे दोन प्रश्न विचारा.