सस्पेन्स खाते

बी.कॉम. होऊन बँकेत चिकटल्यापासून माझी एकाच दैवतावर श्रद्धा आहे, ते म्हणजे 'फरक'. संध्याकाळी हिशेब जुळला नाही की फरक सापडेपर्यंत कोणी घरी जात नाही. फरकाला नऊने भाग गेला तर कोणा महाभागाने ६३ चे ३६ केले असणार, असे समजून चिठ्ठ्या उपसाव्या. सापडलाच नाही तर रक्कम सस्पेन्स खात्यात टाकावी. पण "नव्वद रुपये कमी आहेत ना? पंचेचाळीस तुमच्या नावे, पंचेचाळीस माझ्या, चला चहाला!" असे म्हणणारा हेडकॅशियर मला अजून भेटायचा आहे.

सभा-मोर्च्यांतल्या मारामाऱ्यांचा हिशेब मात्र सर्रास याच पद्धतीने होतो. 'दोन गटांत बाचाबाची होऊन तिचे पर्यवसान दगडफेकीत झाले.' जणू दगडच सभा ऐकायला आले होते! बाचाबाची 'होते', दगडफेक 'होते', लाठीमार तेवढा 'करावा लागतो'. वाक्यातला कर्ता अशा दिवशी हमखास रजेवर.

नोव्हेंबरात पेन्शनरांचे हयातीचे दाखले घ्यायला मला बसवतात. वरळीच्या बीडीडी चाळींत वाढलेले दोन काका दरवर्षी जोडीने येतात. एक पँथरवाले, दुसरे शिवसेनेचे. येतात एका टॅक्सीने आणि रांगेत उभे राहिले की थेट १९७४ सालात जातात.

"पहिला दगड तुमचा!"

"अरे जा! आम्ही मैदानात बसलेलो. स्वतःच्याच डोक्यात घालून घेतला होय?"

"आणि भाषणात देवांना नावं ठेवलीत, ते?"

"मग तूही भाषण करायचंस! शब्द आणि दगड एकाच तराजूत घालतोस?"

हा शेवटचा प्रश्न ऐकून माझ्यातला कारकून जागा होतो. ५ जानेवारी १९७४. वरळीत दलित पँथरची सभा. मध्य मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक तोंडावर. पँथरचा तिच्यावर बहिष्कार, तर शिवसेनेचा पाठिंबा काँग्रेसच्या रामराव आदिकांना. सभेवर दगड आले, मग पोलिसांच्या लाठ्या आल्या आणि चाळी पुढे कितीतरी दिवस धुमसत राहिल्या. १० तारखेच्या मोर्च्यात वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव हा तरुण गेला. निवडून आल्या त्या कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे! मग न्यायमूर्ती भस्म्यांचा चौकशी आयोग बसला. १९५२ च्या कायद्याप्रमाणे आयोग साक्षीदार बोलावू शकतो, कागद मागवू शकतो, शिक्षा मात्र करू शकत नाही. म्हणजे सरकारचे सस्पेन्स खातेच की! फरक इतकाच, की आमच्या खात्यातली नोंद जुनी झाली तर इन्स्पेक्टर येऊन मानगूट धरतो.

आता माझे म्हणणे एवढेच, की भाषण हे एक व्हाउचर, सभेवरचा दगड हे दुसरे, लाठी कुणाच्या पाठीवर पडली आणि कुणाच्या नाही हे तिसरे, आणि नंतर चाळीत कुणी कुणाचे दार फोडले याची तर वेगळी चवडच. प्रत्येकावर सही निराळी. सगळ्यांची बेरीज करून दोनाने भागणे याला लोक निःपक्षपातीपणा म्हणतात. आम्ही त्याला साडेपाचची लोकल पकडण्याची घाई म्हणतो. आणि काकांची पद्धतही काही फारशी बरी नाही. दोघांच्याही वहीत फक्त येणे, देणे असे नाहीच!

गेल्या खेपेला मी मध्येच म्हणालो, "काका, एकेक दगड घेऊ. १० तारखेचा कुणाचा?"

शिवसेनेच्या काकांनी चष्मा काढून पुसला.

"तो वरनं आला होता," ते म्हणाले. "खाली मोर्चा चालला होता. त्याला दोन्ही बाजूंनी म्हणता येत नाही."

पँथरकाका काही बोलले नाहीत. खिशातले पेन काढून त्यांनी दोस्तापुढे धरले.

"इथं कर सही. माझ्यापाशी तेवढं चालतंय."

"बाकीचे दगड?" मी विचारले.

"ते पुढच्या नोव्हेंबरात," दोघेही म्हणाले, आणि मागून रांग ओरडली, "ओ काका, सरका की पुढे!"