खाते उघडून दिले, पण...

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. वटारला आमच्या गल्लीत राहणारा एक तरुण, नालासोपारा स्टेशनला रिक्षा चालवणारा, मोबाइल घेऊन घरी आला. "दादा, शेअरचं खातं काढून द्या. स्टँडवर सगळ्यांनी काढलंय." आम्ही पडलो बी.कॉम., त्यात कारकून. रेशनकार्ड असो की जातीचा दाखला, वस्तीचे कागद आमच्याच टेबलावर येतात. आधार, पॅन, फोटो, सही... अर्ध्या तासात अर्ज भरला. मग फ्युचर्स-ऑप्शन्सची चौकट आली. त्यासाठी सहा महिन्यांचे बँकेचे स्टेटमेंट लागत होते. तेही आम्हीच जोडले. चौकट रिकामी राहिली की अर्ज अपुरा वाटतो, ही कारकुनाची खोड!

होळीपर्यंत त्याचे बावीस हजार गेले. पैसे मुलीच्या फीसाठी ठेवलेले होते. त्याच्या बायकोने दारात उभे राहून एवढेच विचारले, "दादा, तुम्ही शिकलेले. तुम्ही यांना सांगितलं नाही का?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते.

खाते उघडले की धोक्याची सूचना येते. दहांतील नऊजण या सौद्यांत तोट्यात जातात, असे तीत स्पष्ट लिहिलेले असते. पण त्याच्या मोबाइलवर ती इंग्रजीत होती आणि तो रोज बोट दाबून पुढे जात होता. सेबी ही शेअरबाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था. तिने सप्टेंबर २०२४ मध्ये हिशेब जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या शंभर सामान्य माणसांपैकी ९३ जण तोट्यात गेले. सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर! हे आकडे आम्ही वर्तमानपत्रात वाचले होते. वाचले आणि घडी घालून ठेवले.

वाचकहो, बाबासाहेबांनी अमेरिकेतून शिकून आल्यावर मुंबईत शेअर-रोख्यांच्या व्यवहारावर सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळले आणि गिऱ्हाईक येईनासे झाले. ज्ञान होते, पण जात आडवी आली. पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. आज मोबाइल कुणाची जात विचारत नाही, ही चांगली गोष्ट आहे. पण घरात फी भरायची आहे का, हेही तो विचारत नाही. ते आपणच एकमेकांना विचारले पाहिजे.

त्या दिवसापासून कुणी खाते काढायला आले, तर आम्ही आधी चहा देतो आणि मग सांगतो. ब्रोकर म्हणजे दलाल. तो फक्त सौदा करून देतो. आपले शेअर असतात डिमॅट खात्यात, एनएसडीएल किंवा सीडीएसएल या संस्थांकडे, आपल्या नावावर. म्हणून त्यांचे स्टेटमेंट ईमेलवर आले की ते ब्रोकरच्या हिशेबाशी ताडून पाहावे. २०१९ साली कार्वी या मोठ्या पेढीने ग्राहकांचे शेअर गहाण टाकल्याचे उघड झाले, तेव्हा सेबीला मध्ये पडावे लागले. नाव मोठे म्हणून डोळे मिटू नयेत.

ब्रोकरचा नोंदणी क्रमांक सेबीच्या यादीत स्वतः शोधावा. पैसे त्याच्या नोंदलेल्या खात्यातच भरावेत, कुणा 'सरां'च्या यूपीआयवर कधीही नाही. ओटीपी आणि पिन घरच्या किल्लीसारखे जपावेत. 'दलाली शून्य' वाचून हुरळू नये. शेअर घेताना आणि विकताना शेकडा दहा पैसे कर लागतो, आणि विकताना डिमॅटचा आकार वेगळा. लहान गुंतवणूकदारासाठी डिमॅटचे साधे खाते असते. सप्टेंबर २०२४ पासून चार लाखांपर्यंतच्या गुंतवणुकीला त्याचा वार्षिक आकार नाही. ते मागून घ्यावे. तक्रार असल्यास सेबीच्या 'स्कोअर्स'वर करता येते.

आणि फ्युचर्स-ऑप्शन्सची चौकट रिकामीच ठेवावी. तिच्यावाचून शेअर घेता येतात, सांभाळता येतात.

त्या तरुणाची चौकट आम्ही त्याच्यासोबत बसून बंद केली. या वेळी त्याच्या बायकोलाही शेजारी बसवले. फीचे पैसे बँकेतच राहतील आणि वर उरले तर पाचशे रुपये महिन्याला गुंतवायचे, असे तिने ठरवले. गेलेले बावीस हजार काही परत आले नाहीत. मुलीची फी आम्ही चार घरांनी मिळून भरली. त्यातला एक वाटा आमचा होता. तो आम्ही मदत म्हणून दिला नाही. ते आमच्या अर्ध्या कामाचे देणे होते.