‘माहीत नाही’ असं लिहा

अमेरिकेत नव्या डॉक्टरकडे गेलं की तपासणीआधी हातात फॉर्म येतो. नाव, पत्ता, विम्याचा नंबर इथपर्यंत सगळं सुरळीत चालतं. मग येतो घराण्यातल्या आजारांचा तक्ता. मधुमेह कुणाला, हृदयविकार कुणाला, थायरॉइड आहे का, आईकडचे, वडिलांकडचे. दत्तक लेकीला घेऊन आम्ही मिनिॲपोलिसला आलो, त्या आठवड्यात या तक्त्यावरून नागपूरशी फोनवर चांगलीच जुंपली होती.

“माझी शुगर लिही त्यात,” सासूबाई म्हणाल्या.

“अहो आई, तुमची शुगर तिच्यात कशी येईल?”

“का नाही येणार? नात आहे ती माझी.”

नवरा गालातल्या गालात हसत होता. त्यांच्या त्या म्हणण्यावर जीव ओवाळून टाकावा, पण तक्त्यात मात्र ते लिहू नये. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. मूल दत्तक आहे हे शेजाऱ्यांपासून लपवतात ते एक वेळ समजू शकते. पण मुलांच्या डॉक्टरपासूनही लपवतात. डॉक्टरांनी घरात कुणाला दमा आहे का विचारलं की आई बेधडक स्वतःच्या वडिलांचा दमा सांगते आणि डॉक्टर त्या सोयऱ्या दम्याच्या मागे लागतात. मला हे पटत नाही. लोकांची तोंडं बंद ठेवण्याची किंमत मुलाने औषधांतून का मोजायची?

‘माहीत नाही’ एवढं लिहिलं की डॉक्टरला कामाला लागता येतं, हे मला इथे कळलं. आम्ही नशीबवान, कारण हे शहर या बाबतीत जुनं मुरलेलं आहे. कोरियातून दत्तक आलेली हजारो मुलं मिनेसोटात वाढली, ती आता स्वतः आईबाप झाली आहेत. परदेशातून दत्तक आलेल्या मुलांसाठी अमेरिकेतला पहिला खास दवाखाना इथल्याच विद्यापीठात १९८६ साली सुरू झाला. अशा ठिकाणी इतिहास नसलेलं मूल आलं की कुणाच्या भुवया वर जात नाहीत, सरळ तपासण्यांची यादी निघते. हिमोग्लोबिनचा प्रकार, रक्तातलं शिसं, थायरॉइड, कावीळ बी आणि सी, एचआयव्ही, पोटातले जंत, डोळे, कान. इथे जन्मलेल्या बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन पहिल्या एक-दोन दिवसांतच कितीतरी जन्मजात दोष तपासतात. शिशुगृहात आलेल्या बाळाचं ते झालेलं असेलच असं नाही, म्हणून आता करायचं. लेकीने प्रयोगशाळेतल्या बाईंना मराठीत यथेच्छ शिव्या घातल्या. ‘शहाणी कुठली’ ही त्यातली सगळ्यात जहाल.

खरी गंमत लसींच्या कार्डाची. भारतातून येणाऱ्या दहा वर्षांपर्यंतच्या दत्तक मुलाला व्हिसासाठी सगळ्या लसी आधी घ्याव्या लागत नाहीत; आल्यावर ३० दिवसांत देऊ, असं आईबापांनी प्रतिज्ञापत्र करून दिलं की चालतं. म्हणजे विमानातून उतरल्यापासून घड्याळ सुरू. आम्ही शिशुगृहाचं घडी पडून विरलेलं कार्ड घेऊन गेलो. नर्सबाई एकेक तारीख संगणकात घालत होत्या आणि एका नोंदीवर संगणक अडून बसला. कार्डावर होतं ०४/११. आपल्या लेखी ४ नोव्हेंबर. त्यांच्या लेखी ११ एप्रिल. लेकीचा जन्म त्याच वर्षीच्या जुलैतला. म्हणजे जन्माआधी तीन महिने तिला पेंटाव्हॅलंट लस टोचली होती! नर्सबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा कट माझाच. त्यानंतर मी अख्खं कार्ड घरी बसून महिन्यांची नावं अक्षरात लिहून टंकून काढलं आणि मूळ कार्डाची झेरॉक्स त्याला टाचली. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी विमानात बसण्याआधीच करावं.

तारखा सुटल्या तरी सगळं सुटत नाही. आपल्याकडे गोवर-रुबेलाची पहिली लस नवव्या महिन्यात देतात. इथे पहिल्या वाढदिवसाआधीची ती मात्रा धरत नाहीत, म्हणून पुन्हा टोचली. क्षयावरची बीसीजी लस इथे सरसकट देतच नाहीत. त्यामुळे दंडावरचा तो वाटोळा व्रण, जो आपल्या सगळ्यांच्या दंडावर आहे, पाहून एका तरुण डॉक्टरने मला भाजलं होतं का असं विचारलं. बीसीजी घेतलेल्याची त्वचेवरची क्षयाची चाचणी उगाचच पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून रक्ताची चाचणी मागून घ्यायची, हे आता मला पाठ आहे.

कंबरेखालचे निळसर डाग हा आणखी एक प्रकार. आपल्या पुष्कळ बाळांना ते जन्मतःच असतात, काही वर्षांत बहुधा जातात, कुणी लक्षही देत नाही. पण पाळणाघरात कुणाला ते मुका मार वाटले तर प्रकरण बालसंरक्षण खात्यापर्यंत जाऊ शकतं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी मी काही म्हणायच्या आत पट्टी घेतली, डाग मोजले, चित्र काढून नोंद केली आणि म्हणाल्या, “याची एक प्रत पर्समध्ये ठेवा.” एवढ्या एका वाक्यासाठी त्यांची फी वसूल झाली.

नावाचा घोळ वेगळाच. वैद्यकीय अहवालात शिशुगृहाने ठेवलेलं नाव, नव्या जन्मदाखल्यावर आम्ही ठेवलेलं. एका इस्पितळाच्या यंत्रणेत बरेच दिवस दोन मुली होत्या: एकीचं रक्त तपासलेलं, दुसरीचं बिल आलेलं. विम्याचं त्यामानाने सोपं गेलं. नोकरीतून मिळणाऱ्या विम्यात दत्तकाच्या तारखेपासून ३० दिवसांत नाव घातलं की संरक्षण मागच्या तारखेपासून लागू होतं, आणि आधीचा आजार आहे म्हणून नाकारता येत नाही. तो महिना हुकवू नये.

आता माझ्या फायलीचे दोन भाग आहेत. पहिल्यात लसी, रक्ताचे अहवाल, वजन-उंची, दत्तकाचा आदेश. दुसऱ्यात ती कुठे, कुणाला, कशी सापडली ते. पहिला भाग कुणीही डॉक्टर बघू शकतो. दुसरा मुलांच्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी वाचला आहे, कारण त्यांना तो लागतो. परवा दातांच्या दवाखान्यातल्या मुलीने फॉर्म बघून मोठ्या कुतूहलाने विचारलं, “मग हिच्या खऱ्या आईबद्दल काहीच माहीत नाही?” मी म्हटलं, “खरी आई समोर उभी आहे, तिला दाढ कधी भरणार ते सांगा.”