सहावी तार

पेडल स्टील गिटारच्या ई-नाइन्थ जुळणीत दहा तारा असतात. पहिल्या पाच साध्या, शेवटच्या चार गुंडाळलेल्या. वाद असतो तो सहाव्या तारेचा, जी-शार्पचा. ०.०२० इंचाची साधी लावायची, की ०.०२२ची गुंडाळलेली?

तार ताणली की सूर किती बदलणार, हे तिच्या गाभ्यावर ठरतं. साधी तार म्हणजे सगळा गाभाच. गुडघ्याच्या लिव्हरने ती चटकन एफ-शार्पवर उतरते. गुंडाळलेल्या तारेचा गाभा बारीक, त्यामुळे तेवढ्याच उतारासाठी लिव्हर बरीच लांब ढकलावी लागते.

पण ए पेडल दाबलं, की पाचवी आणि दहावी तार ताणली जाते, वाद्याचं अंग केसभर वाकतं आणि बाकीच्या तारा किंचित उतरतात. साधी सहावी जास्त उतरते, गुंडाळलेली कमी.

मी ऑस्टिनला, आई सांगलीला. घशाच्या ऑपरेशननंतर तिचं गाणं थांबलं. कान मात्र तसेच तयार आहेत. रविवारी फोनवर मी तिला यमन वाजवून दाखवतो. ई हा सा धरला, तर सहावी तार म्हणजे शुद्ध गंधार, यमनचा वादी स्वर. मी पेडलने पंचमावरून धैवतावर मींड घेतली, की ती बसक्या आवाजात म्हणायची, "गंधार उतरला रे."

मी गुंडाळलेली तार लावली. कंट्रीतले झटपट उतरणारे तुकडे आता जड जातात. गुडघ्याला नवी सवय लावता येईल. आईच्या कानांना ती लावायला मी सांगणार नाही.