फळ्यावरची पहिली रेघ

थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा नियमित हंगाम संपतो आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या धंद्यातली माणसं हलायला लागतात. कुणाची उचलबांगडी होते, कुणाला बढती मिळते, एकाची जागा भरायला दुसरा येतो आणि दुसऱ्याची भरायला तिसरा. या उलथापालथीत हेड कोचच्या खालोखाल सगळ्यांचे डोळे लागलेले असतात ते ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरच्या खुर्चीकडे. आक्रमणाची सगळी सूत्रं या माणसाच्या हाती असतात, आणि बड्या विद्यापीठांत त्यासाठी वर्षाला वीस लाख डॉलर मोजले जातात.

मी अशाच एका विद्यापीठाच्या फुटबॉल विभागात ॲनालिस्ट आहे. सामन्यांची फिल्म कापायची, प्रत्येक प्लेची नोंद ठेवायची आणि कोच विचारतील ते त्यातून काढून द्यायचं, हे माझं रोजचं काम. मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल म्हटलं की शाहू स्टेडियम आणि पेठांमधल्या तालमींचे संघ डोळ्यांपुढे येतात, म्हणून या दुसऱ्या फुटबॉलबद्दल आधी थोडं सांगायला हवं. इथे अकरा जणांचं आक्रमण वेगळं आणि अकरा जणांचा बचाव वेगळा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्याला द्यायचा. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो आणि पुढचा प्ले सुरू करायला चाळीस सेकंद मिळतात. कोणता प्ले खेळायचा हे कोऑर्डिनेटर ठरवतो. २०२४पासून वरच्या श्रेणीतल्या सामन्यांत तो क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या म्होरक्याच्या, हेल्मेटमधल्या स्पीकरवर थेट बोलू शकतो, पण घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. म्हणजे आधीचा प्ले कसा गेला हे पाहायचं, पुढचा निवडायचा, कोण मैदानात आणि कोण बाहेर हे सांगायचं, सगळं पंचवीस सेकंदांत. एका सामन्यात असं साठ-सत्तर वेळा.

हे काम कुणाला द्यायचं, हे ठरवण्याच्या बैठकांना मी बसत आलो आहे. त्यावरून माझं एक ठाम मत झालं आहे. कोऑर्डिनेटर निवडताना त्याचं प्लेबुक आणि त्याच्या संघाची गुणांची सरासरी या दोन गोष्टींना जितकं महत्त्व दिलं जातं, तितकी त्यांची लायकी नाही. तो शिकवतो कसा, हे सगळ्यांत आधी पाहिलं पाहिजे.

उमेदवारांचे एजंट पहिल्यांदा पाठवतात ते गुणांचेच आकडे. 'यांच्या आक्रमणानं सामन्याला अमुक गुण केले.' गुण केले हे खरं, पण ते केले कुणी? त्या क्वार्टरबॅकनं, त्याचे पास झेलणाऱ्या रिसीव्हरांनी, समोरच्या दुबळ्या बचावांच्या कृपेनं, आणि पुष्कळदा स्वतःच्या बचावानं चेंडू मोक्याच्या जागी मिळवून दिला म्हणून. आयोवा विद्यापीठानं २०२३च्या हंगामासाठी आपल्या कोऑर्डिनेटरच्या करारातच सामन्याला सरासरी २५ गुणांची अट घातली होती, तीही बचावानं मिळवलेले गुण धरून. वर्षाअखेरी सरासरी भरली १५.४, आणि तरी त्या संघानं दहा सामने जिंकले. ती नेमणूक चालू ठेवणं योग्य होतं असं मी म्हणत नाही. ते आक्रमण बघवत नव्हतं. पण त्या वर्षभरात मुलं काय शिकली, क्वार्टरबॅकपुढची पाच जणांची लाइन का कोसळली, क्वार्टरबॅक जखमी झाल्यावर त्याच्या जागी आलेल्याला कितपत तयार केलं होतं, या प्रश्नांची चर्चाच झाली नाही. दर शनिवारी रात्री २५ला किती कमी पडले तेवढंच लोक मोजत बसले.

उलट टोकाचं उदाहरण लुइझियाना स्टेटचं. २०१८मध्ये जो बरो या क्वार्टरबॅकनं १६ टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, टाकले होते. २०१९मध्ये त्यानं ६० टाकले, सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळवली आणि संघ १५-० असा अजिंक्य राहिला. मधल्या काळात एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून जो ब्रेडी नावाचा तरुण कोच आला होता. त्या वर्षीचा सर्वोत्तम सहायक कोचचा ब्रॉयल्स पुरस्कार त्याला मिळाला, आणि पुढची दोन-तीन वर्षं ज्याला त्याला 'आपला जो ब्रेडी' हवा झाला. एनएफएलमधून आलेला, तिशीतला, चपळ बोलणारा. कोऑर्डिनेटर ही पाटी मात्र त्याच्या नावावर नव्हतीच. ती होती स्टीव्ह एन्समिंगर या साठी ओलांडलेल्या, त्याच विद्यापीठाकडून खेळलेल्या माणसाच्या नावावर, आणि प्ले पुकारण्याचं मुख्य काम त्यांच्याकडे होतं. नव्या पोराच्या कल्पना आपल्या मुलांना झेपतील अशा रीतीनं मांडायच्या आणि श्रेय त्याला जाऊ द्यायचं, हे एन्समिंगर यांनी केलं. ही गोष्ट नक्कल करणाऱ्यांनी पाहिलीच नाही.

मग उमेदवार शोधायचा कसा? माझा पहिला सल्ला असतो, आपल्याच बचावाच्या कोचना विचारा. कोणत्या संघाची तयारी करताना तुमची झोप उडाली? १९९८च्या अखेरीस ओक्लाहोमाचं हेड कोचपद घेताना बॉब स्टूप्स यांनी हेच केलं. ते मूळचे बचावाचे कोच. फ्लोरिडात असताना केंटकीच्या आक्रमणानं त्यांना पुरतं भंडावलं होतं. ते आक्रमण चालवणारे माइक लीच त्यांनी सरळ आपल्याकडे आणले. हॅल ममी आणि लीच यांनी 'एअर रेड' ही पद्धत आयोवा वेस्लियन या छोट्याशा कॉलेजात १९८९पासून घडवली होती. प्ले मोजकेच, पण तेच तेच इतके घोटायचे की मुलांनी झोपेतही चुकू नये. लीच यांनी युटामधल्या एका ज्युनियर कॉलेजातून जॉश हायपल हा क्वार्टरबॅक आणला. एका हंगामानंतर लीच टेक्सास टेकचे हेड कोच होऊन गेलेसुद्धा. पण २०००मध्ये त्याच हायपलच्या नेतृत्वाखाली ओक्लाहोमानं १३-० करून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. शिकवणारा निघून गेला तरी शिकवलेलं मैदानावर उभं होतं. कोऑर्डिनेटरची याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही.

नावं ठरली की फिल्म माझ्या टेबलावर येते. मी उमेदवाराचे मोठे विजय आधी बघत नाही. संघ दोन टचडाउननं मागे असतानाचे सामने काढतो, इंटरसेप्शननंतरचा, म्हणजे पास समोरच्यानं पळवल्यानंतरचा, पहिला प्ले काढतो, राखीव क्वार्टरबॅक आत आला तो पाऊण तास काढतो. आणि नजर चेंडूवर ठेवत नाही. गोलच्या मागच्या उंच कॅमेऱ्यातून पाच लाइनमनच्या पाठी दिसतात. स्नॅपच्या, म्हणजे चेंडू खेळात येण्याच्या, आधी बचावाचा एखादा खेळाडू बाजूला सरकला की लाइनच्या उजव्या टोकाचा टॅकल शेजारच्या गार्डकडे मान वळवतो. गार्ड एक बोट दाखवतो. टॅकल पाय अर्धी वीत मागे घेतो. त्या मुलाला आपण कुणाला अडवायचं हे कळलेलं असतं की तो अंदाज बांधत असतो, ते त्या अर्ध्या वितीत दिसतं. सप्टेंबरच्या पहिल्या सामन्यात मुलं अशी एकमेकांकडे बघत असली तर त्यात काही वावगं नाही. नोव्हेंबरातही तीच मान त्याच प्रसंगी तशीच वळत असेल, तर दोन महिने त्या मुलांना कुणी नीट समजावलेलं नाही, मग आकडे काहीही सांगोत.

यानंतर येते फळ्यापाशी होणारी मुलाखत. कोऑर्डिनेटरच्या मुलाखतीत बोलणं कमी आणि मार्कर जास्त चालतो. एका वर्षी आमच्या हेड कोचनं आलेल्या सगळ्यांना एकच प्रसंग दिला. तिसरा डाउन, म्हणजे तिसरा प्रयत्न, सात यार्ड हवेत. अडवायला आपले पाच, आणि समोरून सहा जण येणार असं दिसतंय. काढून दाखवा.

पहिल्या उमेदवारानं मार्कर घेऊन दोन्ही कडांच्या रिसीव्हरांपासून सुरुवात केली. सुरेख वळणं, एकमेकांना छेदणारे मार्ग, कोण कधी मोकळा होईल त्याचे बाण. पाहत राहावं असं चित्र होतं. लाइन त्यानं सगळ्यांत शेवटी काढली, घाईघाईत पाच गोल. सहावा आला तर काय, असं विचारल्यावर म्हणाला, ‘तोपर्यंत चेंडू हातातून गेलेला असेल.’

दुसरा फळ्यापाशी थोडा वेळ नुसता उभा राहिला. मग मधोमध एक चौकोन काढला. तो सेंटर. आणि वळून विचारलं, ‘कोच, तुमचा सेंटर कितव्या वर्षाला आहे? लाइनचा कॉल तो बदलतो की क्वार्टरबॅक?’ उत्तर ऐकून त्यानं सेंटरच्या दोन बाजूंना बाकीचे चार काढले, सहावा कुठून येईल तिथे एक फुली मारली, आणि त्या फुलीपासून क्वार्टरबॅकपर्यंत एक रेघ ओढली. ‘या माणसाला अडवायला आपल्याकडे कुणी नाही. हे क्वार्टरबॅकला आधी माहीत पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.’ रिसीव्हर दोनच काढले.

मग कोचनी आमच्या एका विद्यार्थी सहायकाला आत बोलावलं. त्याला दोघांचीही पद्धत ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ‘याला शिकवा.’ पहिल्या उमेदवारानं उत्तम व्याख्यान दिलं. दुसऱ्यानं चार वाक्यांत सांगितलं, फळा पुसला, मार्कर पोराच्या हातात दिला आणि स्वतः खुर्चीत जाऊन बसला. पोरगं चुकलं तेव्हा त्यानं उत्तर सांगितलं नाही. ‘फुली कुठे आहे?’ एवढंच विचारलं. पोरानं आपलं आपण दुरुस्त केलं. माझ्या मते निवड त्या क्षणी झाली. त्यानंतरचं बोलणं पगार, घर आणि मुलांच्या शाळा यांविषयी होतं.

ज्या मुलांच्या हाती हा खेळ द्यायचा आहे ती अठरा ते बावीस वर्षांची असतात, हे पगाराच्या गोष्टी करताना विसरायला होतं. सकाळी जिम, मग वर्ग, मग बैठक, मग सराव, रात्री गृहपाठ. नवा कोऑर्डिनेटर आला की त्यांना एक नवी परिभाषा पाठ करावी लागते, कारण तोच प्ले प्रत्येक कोचकडे वेगळ्या नावानं ओळखला जातो. आक्रमणाच्या बाजूला पन्नासेक मुलं असतात. पन्नास जणांनी एकाची नावं शिकावीत, की एकानं पन्नास जणांची? आलेल्या माणसाला हे मी विचारतोच. 'पहिलं वर्ष मी तुमच्याच नावांनी पुकारेन,' असं म्हणणारे फार थोडे भेटतात. भेटला तर त्याला हातचा जाऊ देऊ नये.

हेड कोचच्या मनाची तयारीही लागते. निक सेबन मूळचे बचावाचे कोच, जलद आक्रमणांबद्दल त्यांच्या तक्रारी जगजाहीर होत्या. तरी २०१४मध्ये त्यांनी अलाबामात कोऑर्डिनेटर म्हणून लेन किफिन यांना आणलं आणि आपल्या आक्रमणाचा वेग बदलू दिला. २०२४मध्ये ओहायो स्टेटला कोऑर्डिनेटर म्हणून आलेले बिल ओब्रायन महिना व्हायच्या आत बोस्टन कॉलेजचे हेड कोच होऊन गेले, तेव्हा रायन डे यांनी चिप केली यांना बोलावलं. केली त्या वेळी यूसीएलएचे हेड कोच होते. डे न्यू हॅम्पशरमध्ये क्वार्टरबॅक असताना हेच केली त्यांचे कोऑर्डिनेटर होते. शिष्यानं गुरूला हाताखाली घेतलं, आणि स्वतः वर्षानुवर्षं केलेलं प्ले पुकारण्याचं काम त्यांच्या हवाली केलं. पुढच्या जानेवारीत ओहायो स्टेटनं अंतिम सामन्यात नोटर डेमला ३४-२३ असं हरवलं. लगेच फेब्रुवारीत केली एनएफएलमध्ये गेले. अशा जागांवर माणूस टिकतो थोडाच काळ. त्याच्यामागे मुलांजवळ काय उरतं, तेवढंच विद्यापीठाचं.

हल्ली या निवडीला सवड मिळत नाही, ही माझी खरी खंत आहे. २०२१पासून खेळाडू विद्यापीठ बदलून लगेच खेळू शकतो. कोऑर्डिनेटर गेल्याची बातमी आली की क्वार्टरबॅकचा फोन वाजायला लागतो, आणि तो जाऊ नये म्हणून नवं नाव दोन-तीन दिवसांत जाहीर करायची धडपड सुरू होते. नाव मोठं असलं की देणगीदार खूश, वार्ताहर खूश. फळ्यापाशी बसायला वेळ कुणाला? तरीही दुपार एकच मिळत असेल तर ती फळ्यापाशीच घालवावी, असं मी प्रत्येक वेळी सांगतो. फिल्मचा ढीग विमानात बघता येतो. माणूस शिकवतो कसा, हे समोर बसल्याशिवाय कळत नाही.

अमेरिकेतल्या कॉलेज-गावांमध्ये आता मराठी घरं पुष्कळ आहेत आणि त्यांची मुलं शनिवारी विद्यापीठाचा टीशर्ट घालून स्टेडियममध्ये असतात. त्यांना माझं सांगणं एवढंच आहे. तुमच्या संघानं नवा कोऑर्डिनेटर नेमला की त्याची सरासरी शोधत बसू नका. वसंतातला सराव सामना जिथे अजून भरतो तिथे एप्रिलमध्ये जा, गोलच्या मागच्या बाजूला वर बसा, आणि दुसऱ्या फळीतल्या पाच लाइनमनकडे बघा. स्नॅपच्या आधी ती पोरं एकमेकांकडे न बघता समोर बघत असतील, तर नेमणूक चांगली झाली आहे.