काटा थांबला पाहिजे

डायव्हिंगचा नाद लागला की माणूस आधी मास्क घेतो, मग फिन्स, मग मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर. रेग्युलेटर सगळ्यात शेवटी, आणि पुष्कळांकडे तो कधीच येत नाही, कारण भाड्याने मिळतोच. तारकर्लीला शिकले तेव्हापासून मीही भाड्याच्याच रेग्युलेटरवर पाण्यात उतरत आले होते. स्वतःचा घ्यायचा हे पक्कं झालं ते नेत्राणीला.

मुरुडेश्वरसमोरच्या समुद्रात हे बेट आहे. मालवणच्या मानाने इथलं पाणी पुष्कळ नितळ. खडकाच्या कड्यालगत आम्ही १८ मीटरच्या आसपास होतो. डाइव्ह संपत आली होती, गेजवर ६० बार दिसत होते, आणि श्वास जड लागायला लागला. हवा येत होती, पण मागितली की लगेच नाही. छातीने ओढली की मग. मी सोबत्याला खूण केली. आम्ही ठरल्याप्रमाणे सावकाश वर आलो, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबलो, सगळं व्यवस्थित पार पडलं. तरी त्या वेळात माझं लक्ष ना माशांकडे होतं ना कड्याकडे. सगळा जीव पुढच्या श्वासात गुंतला होता.

बोटीवर मालवणचाच एक प्रशिक्षक होता. त्याने सिलिंडरवरून रेग्युलेटर उतरवला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, ‘‘ताई, टाकी रिकामी होत इली की ह्यो असोच जड होता. त्यात सर्व्हिस कधी झाली ता कोणाक म्हायत नाय.’’ एवढं बोलून तो पुढच्या माणसाची टाकी जोडायला गेला. त्याच्या पहिल्या वाक्यात रेग्युलेटरची रचना होती आणि दुसऱ्यात त्याची निगा. पुढे मी जे काही शिकले ते या दोन वाक्यांच्याच पोटातलं आहे.

भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाब असतो. थेट तोंडात घेता येईल असा तो नव्हे. सिलिंडरच्या तोंडावर बसणारी फर्स्ट स्टेज तो उतरवून भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा ९-१० बार जास्त एवढ्यावर आणते. होजमधून ही हवा तोंडातल्या सेकंड स्टेजपर्यंत येते आणि आपण श्वास घेतला की तिथे ती बरोबर भोवतालच्या दाबाला मिळते. स्वयंपाकघरातल्या गॅसच्या सिलिंडरवरही दाब उतरवणारा रेग्युलेटर असतोच; इथे त्याला खोलीचं भान जास्तीचं लागतं, एवढंच. नातं अगदी जवळचं आहे. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एमिल गान्यां या इंजिनीअरने एक झडप तयार केली होती. पाणबुडे जाक कुस्तो त्याच्याकडे गेले आणि त्याच कल्पनेतून १९४३ मध्ये पाण्याखाली श्वास पुरवणारं यंत्र उभं राहिलं. पहिली चाचणी मार्न नदीत झाली. कुस्तो पाण्यात उभे राहिले की हवा भसाभसा वाया जायची आणि डोकं खाली केलं की ओढूनही मिळायची नाही. उच्छ्वासाची वाट हवा येते त्या जागेच्या शेजारी आणली, तेव्हा तो प्रश्न सुटला. आजच्या प्रत्येक सेकंड स्टेजमध्ये उच्छ्वासाची झडप, श्वास ओढला की हवेची झडप उघडणाऱ्या पडद्याजवळच असते.

आता जड श्वासाचं. साध्या, ‘अनबॅलन्स्ड’ पिस्टनच्या फर्स्ट स्टेजमध्ये झडप उघडायला सिलिंडरचा दाबही हातभार लावतो. सिलिंडर रिकामा होत गेला की तो हात सुटतो, फर्स्ट स्टेजमधून होजमध्ये येणारा दाब घसरतो आणि श्वासाला जोर लागतो. ‘बॅलन्स्ड’ रचनेत सिलिंडरच्या दाबाचा झडपेवरचा परिणाम काढून टाकलेला असतो, त्यामुळे २०० बारला आणि ५० बारला श्वास सारखाच लागतो. त्यात खोलीची भर पडते. ३० मीटरवर एकूण दाब ४ बार, म्हणजे तीच छाती भरायला पृष्ठभागाच्या चौपट हवा झडपेतून जायला हवी, आणि ती हवा चौपट दाटही असते.

साध्या पिस्टनची मी निंदा करणार नाही. आत हलणारे भाग मोजके, बिघडायला फारसं काही नाही, दुरुस्ती स्वस्त. डायव्हिंगच्या पुष्कळ शाळा आणि भाड्याची सेंटरं तोच वापरतात आणि १०-१२ मीटरच्या डाइव्हसाठी तो उत्तम आहे. मला मात्र अंदमान करायचं होतं, खोल कडे पाहायचे होते. तिथे शेवटच्या ५० बारमध्येही श्वास हलका हवा.

इथून कॅटलॉगांचा फेरा सुरू झाला. स्कूबाप्रो, मारेस, क्रेस्सी, अ‍ॅक्वालंग, अ‍ॅपेक्स, अ‍ॅटॉमिक. किमती तीस-चाळीस हजारांपासून लाखाच्या पुढे. एक विक्रेता टायटॅनियमच्या मॉडेलवर अडून बसला होता. टायटॅनियम हलकं असतं, खाऱ्या पाण्याला दाद देत नाही, हे खरंच. पण क्रोमचा मुलामा दिलेलं पितळ नीट धुतलं तर वर्षानुवर्षं टिकतं आणि उरलेल्या पैशांत अंदमानची एक फेरी होते.

खरेदीपुरता कामाचा आधार मला युरोपच्या ईएन २५० या मानकाचा वाटला. त्यात रेग्युलेटर ५० मीटर खोलीच्या दाबाला, मिनिटाला ६२.५ लिटर श्वास देऊन तपासतात आणि श्वासाला लागणारे कष्ट मोजतात. १० अंशांखालच्या थंड पाण्यासाठी वेगळी कसोटी आहे, कारण तिथे फर्स्ट स्टेज आतून गोठू शकते. आपल्या समुद्राला तिची गरज नाही. पण थंडीसाठी काढलेली एक सोय आपल्याकडे दुसऱ्याच कारणाने उपयोगी पडते. स्प्रिंगच्या कप्प्यात पाणी शिरू नये म्हणून तो बंद करतात, त्याला ‘सील्ड’ म्हणतात. तारकर्लीच्या गढूळ पाण्यातून बाहेर आल्यावर बीसीडीच्या, म्हणजे हवा भरायच्या जॅकेटच्या, खिशातून वाळू आणि गाळ निघतो. तोच गाळ आणि मीठ स्प्रिंगभोवती साचून राहू नये यासाठी सील्ड रचनेचे जादा पैसे मोजावेत, असं माझं मत झालं.

एवढं वाचून झाल्यावर मी माझगावातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेले. ते चालवणारे काका नौदलात पाणबुडे होते, निवृत्तीनंतर रेग्युलेटर दुरुस्त करतात. मी तीन मॉडेलांची नावं लिहून नेली होती. त्यांनी कागद पाहिला आणि बाजूला ठेवला. ‘‘यातला कुठलाही घ्या. उघडणार कोण?’’

मग कुणाची तरी दुरुस्तीला आलेली फर्स्ट स्टेज त्यांनी माझ्यासमोर उघडली. ओ-रिंग, म्हणजे हवा गळू नये म्हणून बसवलेली रबरी कडी, काढायला त्यांच्याकडे पितळी आकडा होता. पोलादी टोकाने खाचेवर ओरखडा उठतो आणि त्या ओरखड्यातून आयुष्यभर हवा गळते, म्हणाले. हवा आत शिरते तिथे नखाएवढा एक फिल्टर असतो. तो चकचकीत हवा. हिचा हिरवट पडला होता, पावसाळ्यात तांब्याच्या भांड्यावर येतो तसा रंग. ‘‘समुद्राचं पाणी आत गेलंय. टोपी न लावता बादलीत बुडवला असणार.’’ आणखी आत कठीण प्लॅस्टिकची एक बारीक चकती होती, तिला सीट म्हणतात. हिच्यावर धातूची धार टेकते आणि २०० बारची हवा तिथे अडते. भिंगाखाली त्यांनी ती मला दाखवली. धार रोज टेकून टेकून तिच्यात गोल खाच पडली होती, आणि एका जागी खाचेची कड तुटलेली होती. सिलिंडरचा सगळा दाब अडवणारी जागा ती एवढीच, आणि ती मला भिंगाशिवाय दिसतही नव्हती.

ती उघडण्याआधी काकांनी एक तपासणी करून घेतली होती. बीसीडी फुगवायच्या होजला त्यांनी एक छोटा गेज जोडला आणि सिलिंडर सोडला. काटा साडेनऊ बारवर आला. तिथे थांबला नाही. पावणेदहा, दहा, आणखी थोडा वर, आणि मग सेकंड स्टेजमधून आपोआप हवा फुसफुसायला लागली. त्यानंतर त्यांनी सर्व्हिस झालेला दुसरा रेग्युलेटर जोडला आणि मला श्वास घ्यायला सांगितलं. प्रत्येक श्वासाला काटा जरासा खाली यायचा आणि सोडला की लगेच जिथल्या तिथे. मी डझनभर श्वास घेतले असतील. काटा त्याच रेघेवर परत. ‘‘काटा थांबला पाहिजे,’’ काका म्हणाले. ‘‘बाकी कंपन्या काय लिहितात ते सोडा.’’

त्या फुसफुसण्याबद्दल मी बराच वेळ विचार केला. बहुतेक सेकंड स्टेजमध्ये झडप हवेच्या वाटेतच, हवेच्या दिशेने उघडणारी असते. दाब वाढला तर ती ढकलली जाऊन उघडते, मिटत नाही. म्हणून रेग्युलेटर बिघडला तर बहुधा हवा बंद पडत नाही, उलट सुटत राहते. अशी हवा सुटत राहण्याला ‘फ्री फ्लो’ म्हणतात; त्यातही ओठांच्या कडेने श्वास घेता येतो, पहिल्याच कोर्समध्ये ते शिकवतात. सिलिंडर मात्र झपाट्याने रिकामा होतो, वर निघावंच लागतं. तरी बिघाडाची बाजू माणसाच्या हिताची निवडायची, हे ज्यांनी ठरवलं त्यांच्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. विश्वासार्ह म्हणजे कधीच न बिघडणारा, ही माझी समजूत त्या वर्कशॉपमध्ये संपली. बिघडला तरी श्वास देणारा आणि बिघडण्याआधी कुणीतरी उघडून पाहणारा, असा रेग्युलेटर मला हवा होता.

त्यानंतर निवड सोपी झाली. काकांना ज्या कंपन्यांचे सुटे भाग नियमित मिळतात, त्यांच्यातूनच निवडायचं. मी अ‍ॅपेक्स घेतला. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नची ही कंपनी. बॅलन्स्ड डायफ्रॅम, म्हणजे पिस्टनच्या जागी पडदा, आणि सील्ड. सेकंड स्टेजला श्वासाचा जोर कमी-जास्त करायची घुंडी आहे. परदेशातून मागवला असता तर थोडा स्वस्त पडला असता, पण वॉरंटी आणि सर्व्हिसच्या सुट्या भागांच्या किटसाठी तिकडेच पत्रव्यवहार करत बसावं लागलं असतं. इथल्या अधिकृत विक्रेत्याकडून, अनुक्रमांक बिलावर लिहून घेतला.

जोडणीचा प्रश्न उरला होता. योक सिलिंडरच्या तोंडाला शिकंज्यासारखा आवळतात, डिन आट्यांवर आत फिरवतात. डिनमध्ये ओ-रिंग चहूबाजूंनी बंदिस्त राहते, ती निसटण्याची शक्यता कमी. मी ज्या बोटींवर गेले तिथे योकचेच सिलिंडर जास्त होते, तरी मी डिन घेतला आणि सोबत योकचं अ‍ॅडॉप्टर. अ‍ॅडॉप्टरने वजन वाढतं आणि फर्स्ट स्टेज डोक्याच्या थोडी जवळ येते. ते मला चालतं. ऑक्टोपस, म्हणजे सोबत्याची हवा संपली तर त्याला द्यायची जादा सेकंड स्टेज, लोक हमखास स्वस्तातली घेतात. हे मला मुळीच पटत नाही. ती ज्याच्या तोंडात जाणार तो आधीच घाबरलेला, धापा टाकत असणार. त्याला माझ्यापेक्षा जास्त हवा लागेल. २०१४ च्या सुधारित मानकात ‘ईएन २५०ए’ अशी खूण आहे; दोघं जण एकाच फर्स्ट स्टेजवर श्वास घेताना तो संच पुरेसा पडतो, हे त्यात तपासलेलं असतं. मी ती खूण पाहून घेतली.

आता प्रत्येक डाइव्हआधी मी एक गोष्ट करते, तिला मिनिटही लागत नाही. सिलिंडरला जोडण्यापूर्वी फर्स्ट स्टेजवर टोपी घट्ट बसवायची आणि सेकंड स्टेजमधून हवा ओढायची. काहीच आलं नाही पाहिजे, ओठ आत ओढले गेले पाहिजेत. हवा आली तर पडदा फाटलाय, उच्छ्वासाच्या झडपेखाली वाळूचा कण अडकलाय किंवा माउथपीसला चीर आहे. तेच ऑक्टोपसला. डाइव्हनंतर टोपी पुसून कोरडी करून लावायची आणि गोड्या पाण्यात संच भिजत ठेवायचा. त्या वेळी सेकंड स्टेजवरचं, हवा सोडायचं पर्जचं बटण दाबायचं नाही, दाबलं की झडप उघडते आणि पाणी होजमधून थेट फर्स्ट स्टेजकडे जातं. बोटीवर कुणी माझा संच धुवायला घेतला तर मी तो हातातून काढून घेते.

पावसाळ्यात कोकणातलं डायव्हिंग बंद असतं, तेव्हा संच माझगावला जातो. ओ-रिंग, सीट, फिल्टर बदलून येतो आणि काका जुने भाग एका पुडीत बांधून परत देतात. मी ते भिंगाखाली पाहते.

मध्यंतरी दुबईहून कायमचा परत आलेला एक मित्र तिकडे स्वस्तात घेतलेला, नामांकित कंपनीचा जुना रेग्युलेटर घेऊन आला. दिसायला सुरेख, एक ओरखडा नाही. आम्ही तो काकांकडे नेला. काटा नऊवर आला आणि वर सरकत राहिला. त्या मॉडेलचं किट कंपनीने बनवायचं बंद केलं आहे, काकांनी दोन ठिकाणी फोन करून खात्री केली. मित्राने आठवडाभराने नवा साधा पिस्टन घेतला, सगळ्यात खालच्या किमतीचा. तो तारकर्लीला १०-१२ मीटरवर जातो, त्याला तो भरपूर आहे, आणि त्याची किटं काकांच्या खणात नेहमी पडलेली असतात.