ओवरी, पोढी आणि वाट

वरंधहून मुंबईकडे निघालेली एस.टी. महाड ओलांडून पुढे आली, की महामार्गालगतच्या डोंगरात गांधारपाले येथील बौद्ध लेणी दिसू लागतात. विद्यार्थिदशेत ती मी एस.टी.च्या खिडकीतून असंख्य वेळा पाहिली. पुढे भाषाविज्ञानाचा प्राध्यापक झाल्यावर तेथील ब्राह्मी लिपीतील प्राकृत शिलालेख वर्षानुवर्षे वर्गात शिकवला. मात्र तो डोंगर मी कधीच चढलो नव्हतो. माझा शिलालेख छापील पानावरचा होता. विद्यार्थी मित्रहो, वयाची पन्नाशी उलटल्यावर ही कबुली देताना संकोच वाटतो. ती द्यायला लावली माझ्या पुतण्याने.

22 जुलै 2021 रोजी आमच्या महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पुतण्या तेव्हा स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात होता. मदतीला गेलेल्या मुलांबरोबर तोही गेला. परत आल्यावर कित्येक दिवस तो कोणाशी धड बोलला नाही. मग एका संध्याकाळी म्हणाला, "काका, मला डोंगर शिकायचाय." पुढील शिक्षणासाठी त्याने जर्मनीतील आखेनच्या तंत्रविद्यापीठात प्रवेश घेतला.

तेथील परदेशी विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी जुनी स्थळे पाहत हिंडत. असाच तो मित्रांबरोबर ट्रिअरला गेला आणि रोमनांनी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात बांधलेल्या 'पोर्टा निग्रा' या वेशीसमोरून त्याने मला फोन केला. "काका, याच्या दगडांत चुना नाहीच. दगडावर दगड, आणि ते धरून ठेवायला लोखंडी पकडी. पुढे लोकांनी धातूच्या लोभाने त्या पकडी उकरून काढल्या, त्यांची भोके दिसतात. तरी वेस उभी आहे!" क्षणभर थांबून त्याने विचारले, "आपल्या पाल्याच्या लेण्यांत पाण्याची सोय कशी होती हो?"

मी उत्साहाने सांगितले, की लेण्याच्या दोन्ही बाजूंना दोन पोढ्या, म्हणजे टाकी, असल्याचे शिलालेखात नोंदले आहे.

"टाक्यांत पाणी कुठून येते?"

"तसे लेखात नाही."

"लेखात नसू दे. तुम्ही पाहिली असतील ना?"

मला उत्तर देता आले नाही.

त्या हिवाळ्यात तो गावी आला, तेव्हा आम्ही दोघे डोंगर चढलो. माझा दम लागत होता. तो मात्र वाटेत थांबून कुठे मातीचा थर, तर कुठे उघडा खडक न्याहाळत होता. वर पोहोचल्यावर मी त्याला लेखाचा आशय सांगितला. काणभोअ व्हेणुपालित नावाच्या कुमाराने हे लेणे, चैत्यगृह, आठ ओवरका, दोन पोढ्या आणि लेण्याकडे येणारी वाट दान दिली. मग शब्दांची ओळख करून दिली. 'लेण' म्हणजे आपले लेणे. 'ओवरक' आजही देवळाच्या ओवरीत राहतो. दोन या अर्थी लेखात 'बे' आला आहे. आपल्या बोलण्यातून तो गेला, तरी पाढ्यात टिकला.

"म्हणजे बे एके बे मधला?" तो हसला. एवढ्या वर्षांत वर्गात त्या शब्दाला असे हसू कधी मिळाले नव्हते.

नंतर त्याने मला शिकवले. टाक्याच्या काठाशी बसून तो म्हणाला, "काका, इथला आणि तळियेचा खडक एकच, काळा बेसाल्ट. तिथे खडकावरची माती पावसाने भिजून जड झाली आणि सुटली. इथे कोरणाऱ्यांनी मातीवर भिस्त ठेवली नाही, थेट खडकात घर केले. आणि पाण्याला त्याची जागा आधीच काढून दिली."

उतरताना आम्ही फारसे बोललो नाही. पायथ्याशी आल्यावर तो म्हणाला, "त्या कुमाराने काय काय दिले, ते पुन्हा सांगा." मी सांगितले. राहायला खोल्या, प्यायला पाणी, येण्याजाण्याला वाट. तो म्हणाला, "तळियेत वाचलेल्या माणसांना हेच हवे होते." ज्या लेखात मी आजवर केवळ ध्वनिपरिवर्तने पाहिली होती, त्यात माणसाच्या गरजांची एवढी नेमकी मोजदाद आहे, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

पुतण्या आखेनला परत गेला आहे. तो गावी कायमचा येईल की नाही, हे मी विचारत नाही. तो लेख मी अजूनही शिकवतो. फक्त 'पोढियो बे' या शब्दांपाशी आलो, की पुस्तक मिटतो आणि टाक्याच्या काठाशी पाय जपून ठेवावा लागतो, हेही सांगतो.